वाड्यातले फोकस मीच लावलेत, म्हणून लिहितोय

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पेपरला पत्र लिहायची सवय नाही, मोबाइलवर टाइप करतोय, चुकाबिका झाल्या तर सांभाळून घ्या. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यात आमच्या सातारा जिल्ह्यातला प्रतापगड पण आहे, तेव्हापासून इकडे जो तो वारसा वारसा करतोय. चांगलंच आहे. किल्ल्यांकडे निदान चार लोकांचं लक्ष तरी असतं, पण गावोगावी जे सरदारांचे, इनामदारांचे वाडे आहेत, मागं बाग, विहीर, पागा, थोडीफार जमीन असा सगळा पसारा, तिथं पर्यावरणाच्या नावाखाली काय चाललंय ते सांगायला लिहितोय. आमच्या गावात असा एक वाडा आहे. गावाचं नाव देत नाही कारण मला गावातच राहायचंय, आणि वाड्याच्या ट्रस्टकडून माझं एक बिल पण यायचंय अजून.

मी वायरमन. वाड्याच्या तटाला जे २४ फोकस लावलेत ते मीच लावलेत, स्विचबोर्ड मीच बसवलेत, भिंत कापून पाइप पण मीच टाकलेत. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर उद्या कोणीतरी म्हणणार की पैसे घेताना बरा गप्प होता.

तर तीन-चार वर्षांपूर्वी ट्रस्टनं ठरवलं की वाडा पर्यावरणपूरक करायचा. हेतू वाईट नव्हता, मी मीटिंगला होतो, सगळे मनापासून बोलत होते. मग काय काय झालं बघा. नगारखान्यावर ५ किलोवॅटचं सोलर बसलं. जुने हॅलोजन काढून एलईडी फोकस आले. मागच्या बागेतली झाडं म्हातारी झाली म्हणून काढून १० गुंठ्यात लॉन केलं. वाड्याभोवती चिखल होतो म्हणून चारी बाजूंनी पेव्हर ब्लॉक. मागच्या भिंतीचे पोपडे पडत होते तिथं सिमेंटचं प्लास्टर. आडात कोणी पडेल म्हणून आडावर स्लॅब. ऑफिस केलं त्या सोप्यात, म्हणजे ओसरीत, फॉल्स सीलिंग आणि एसी. ओल्या-सुक्याचे हिरवे-निळे डबे. आणि दिंडी दरवाजाशेजारी मोठा फलक, 'हरित वारसा', आधी तो फ्लेक्सचाच होता, मग कोणीतरी बोललं म्हणून लोखंडाचा केला.

पहिल्या पावसाळ्यात काही नाही झालं. दुसऱ्या पावसाळ्यात ईएलसीबी ट्रिप व्हायला लागला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कुठं करंट लीक होत असेल, ओल लागली असेल तर हा स्विच आपोआप पडतो, माणसाला शॉक लागू नये म्हणून असतो तो. आठवड्यातून तीन-तीन वेळा फोन, अहो वायरमन लाइट गेली, या. मी जायचो, वर करायचो, परत पडायचा. शेवटी एकेक सर्किट काढून बघत बघत मागच्या भिंतीवर आलो. बोर्ड उघडला तर आतला लोखंडी बॉक्स दोन वर्षात गंजून चाळणी झालेला, स्क्रू फिरेना, आणि बॉक्सच्या तळाला पांढरं मिठासारखं काहीतरी साचलेलं. बोट लावून जिभेला लावलं, खारट. (करू नका हे, मी मूर्ख आहे.)

आता मजा अशी की त्याच वाड्यात पुढच्या सोप्यात जुनी लाकडी पट्टीवरची वायरिंग आहे, माझ्या वडिलांच्या हातची, ती भिंत अजून चुन्याची आहे आणि तिथला बोर्ड उघडला तर आत खडखडीत कोरडं. तोच पाऊस, तोच वाडा, तीच जाडी, अडीच-तीन फुटाची भिंत. मग एका भिंतीत पाणी आणि दुसरीत नाही हे कसं?

हे मला इंजिनिअरनं नाही सांगितलं, आमच्या आळीतल्या एका म्हाताऱ्या गवंडीकाकांनी सांगितलं, वय ऐंशीच्या पुढं, आता काम होत नाही. त्यांना हाताला धरून नेलं वाड्यात. त्यांनी भिंतीवर थाप मारली, वास घेतला भिंतीचा, आणि म्हणाले, तिला रेनकोट घातलाय रे तुम्ही आणि आतून घाम येतोय तिला. म्हणजे असं की जमिनीतली ओल दगडमातीच्या भिंतीत थोडीफार वर चढणारच, दिव्याच्या वातीत तेल चढतं तशी. चुन्याच्या गिलाव्यातून ती हवेत निघून जाते, भिंत रोज थोडी ओली होते रोज थोडी वाळते, असंच चाललेलं असतं शेदोनशे वर्षं. सिमेंट मारलं की बाहेर जायचा रस्ता बंद, मग ओल आणखी वर वर चढत जाते वाट शोधत, जिथं सिमेंट संपतं तिथून बाहेर पडते आणि येताना जमिनीतले क्षार घेऊन येते, तोच तो लोणा. तो लोणा आतल्या पांढऱ्या मातीच्या भेंड्यांचा, म्हणजे कच्च्या विटांचा, भुगा करतो. बाहेरून प्लास्टर टकाटक, आत पीठ. मी भिंत कापून पाइप टाकले होते ना, ओलीला आयती वाटच करून दिली मी.

आणि पेव्हर ब्लॉकनं त्यावर कळस केला. पूर्वी वळचणीचं पाणी पडायचं ते मुरुमात जिरायचं किंवा उतारानं बागेकडं जायचं. आता ब्लॉकवरून उसळून भिंतीच्या पायावरच येतं. ब्लॉकखाली काँक्रीट घातलंय कारण टुरिस्टच्या गाड्या आतपर्यंत आणायच्या होत्या, त्यामुळे जिरायचा प्रश्नच नाही. उन्हाळ्यात दुपारी त्यावरून चालून बघा, तवा असतो नुसता, आणि ती झळ थेट सोप्यात येते, मग म्हणायचं आत फार उकडतं, एसी लावा.

काका म्हणाले पूर्वी चुन्याची घाणी असायची, दगडी गोल चाकोरी, बैल फिरवायचा, त्यात चुना आणि वाळू दळली जायची, चुना आधी कितीतरी दिवस पाण्यात मुरवलेला, त्यात गुळाचं पाणी, बेलफळ, हिरडा असलं काय काय पडायचं, प्रत्येक गवंड्याचं माप वेगळं आणि कोणी कोणाला सांगायचं नाही. सगळं संथ काम. भर पावसात करता येत नाही, घाईत तर नाहीच नाही. सिमेंटवाल्यानं मागची भिंत चार दिवसात उरकली होती. मी नंतर थोडं वाचलं पण यावर. सिमेंटची भट्टी १४५० डिग्रीच्या आसपास तापवावी लागते, चुन्याची साधारण ९०० ला भागतं, आणि चुना भाजताना जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो त्यातला बराचसा चुना भिंतीवर घट्ट होताना हवेतून परत ओढून घेतो, त्यानंच तो दगडासारखा होतो. चुना अगदी सोवळा आहे असं नाही, भट्टीला जळण लागतंच. पण जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटच्या धंद्यातून येतो, आणि आम्ही तेच सिमेंट 'हरित वारसा' म्हणून जुन्या चुन्यावर थापलं. त्याचं प्लास्टर आता परत पडतंय, परत मारणार, दर चार वर्षांनी हाच उद्योग. चुन्याचं काम माझ्या आजोबांच्या आधीचं आहे आणि पुढच्या बाजूला अजून तसंच्या तसं आहे.

पण माझं खरं दुखणं भिंत नाही, पाणी आहे.

वाड्याच्या मधल्या चौकात, कोपऱ्यात, एक दगड होता, मधोमध भोक, वाटीएवढं. चारी बाजूच्या कौलांवरून पागोळ्या चौकात पडायच्या, चौकाला इतका बारीक उतार दिलेला की डोळ्याला कळायचा नाही, पण पाणी फिरत फिरत त्या भोकाशी यायचं आणि गुडूप. लहानपणी आम्ही त्यात कागदाच्या होड्या सोडायचो आणि पळत मागच्या आडाकडं जायचो होडी येते का बघायला. एकदाही आली नाही, पण पाणी यायचं, आडाच्या आत एका दगडी पन्हळीतून धो धो पडताना दिसायचं. म्हणजे चौक ते आड अशी जमिनीखालून वाट होती. वाडा बांधणाऱ्यानं छत, चौक, आड हे सगळं एकच यंत्र म्हणून बांधलं होतं, त्यात पंप नाही, मोटर नाही, माझ्यासारखा वायरमन लागत नाही.

ते भोक बुजवलं. का? तर एका लग्नात नवरीच्या मैत्रिणीच्या सँडलची टाच त्यात अडकली आणि ती पडली. दुसऱ्या दिवशी घमेलंभर काँक्रीट. मी तिथंच होतो, माळा उतरवत होतो, कोणी मला विचारलं नाही आणि मीही काही बोललो नाही. एक लोखंडी जाळी बसवली असती तर काम झालं असतं. आता पावसात चौक भरतो, ओटीला पाणी लागतं, म्हणून मोटर लावून ते पाणी बाहेर गटारात फेकतात. त्या मोटरची वायर पण मीच ओढलीय.

आणि त्याच वाड्याच्या लॉनला दिवसाआड टँकर येतो. हिशेब करून बघितला मी, माझं काम आकड्यांचंच आहे. १० गुंठे म्हणजे साधारण हजार चौरस मीटर. लॉनला उन्हाळ्यात चौरस मीटरला दिवसाला पाचेक लिटर पाणी लागतं. म्हणजे रोजचं ५,००० लिटर, म्हणजेच १०,००० लिटरचा टँकर एक दिवस सोडून. फेब्रुवारी ते मे चार महिन्यांचे ६० टँकर. आता दुसरी बाजू. १ चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी. वाड्याचं छप्पर ५०० चौरस मीटर धरा, वर्षाचा पाऊस ८०० मिलिमीटर धरा, ४ लाख लिटर होतात, उडालं, सांडलं, कौलांनी प्यायलं म्हणून एक लाख सोडून द्या, तरी ३ लाख लिटर. ३० टँकर पाणी आकाशातून येतं आणि ते आम्ही वीज जाळून गटारात टाकतो, मग डिझेल जाळून ६० टँकर आणतो. आणि त्या ३० मध्ये पण लॉन भागत नाही हे लक्षात घ्या, म्हणजे गवताची जात आणि जागाच चुकलीय. जुनी बाग होती, चिकू, रामफळ, सोनचाफा, पारिजातक, बकुळ, कडेनं आंबे, तिला उन्हाळ्यात आडाचं पाणी दंडानं, म्हणजे छोट्या पाटानं, आठवड्यातून एकदा द्यायचे. खाली एवढी सावली आणि पाचोळा असायचा की माती ओलीच असायची.

टँकर कुठून भरतात? शिवारातल्या एका बोअरवर. ती बोअर आमच्या गावच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर आहे. एप्रिलमध्ये आमच्या आळीला नळ तीन दिवसांनी येतो. आमच्या शेजारच्या आक्का रात्री दीडला हंडे लावून बसतात आणि समोरून वाड्याच्या लॉनचा टँकर जातो. त्या लग्न होऊन गावात आल्या तेव्हा दुष्काळात वाड्याचा मागचा दरवाजा उघडा ठेवायचे, सगळी आळी आडावर पाणी भरायची. त्या कधी ट्रस्टला बोलणार नाहीत, मोठ्या घरचा मान वगैरे, पण मला एकदा म्हणाल्या, तवा वाडा पाजायचा आम्हास्नी, आता आमी पाजतोय त्याला.

पाण्याचा असा विचार हे काही आमच्याच वाड्याचं विशेष नव्हतं साहेब. आमच्या जिल्ह्यात लिंबला बारा मोटेची विहीर आहे, १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतली. ११० फूट खोल, त्यातच महाल, बसायला जागा, आणि ही विहीर कशासाठी तर आसपासच्या आमराईसाठी, ३,३०० आंब्याची झाडं होती म्हणतात. लोक जातात, शिवलिंगाच्या आकाराचा फोटो वरून काढतात, रील करतात, येतात. मला तिथं नेहमी वाटतं की राजवाडा बांधताना आधी पाण्याचा विचार आणि मग त्या पाण्याच्याच पोटात राजवाडा हे डोकं कोणाचं असेल. पुण्यात बघा, १७५० च्या आसपास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तळी बांधून जमिनीखालून दगडी नळानं पाणी पार शनिवारवाड्यापर्यंत आणलं, नुसत्या उतारावर, आणि हवा खेळायला मध्ये मध्ये उच्छ्वास ठेवले. आणि ते पाणी एकट्या वाड्यासाठी नव्हतं, पेठापेठांतल्या हौदांत सोडलं होतं, तिथून लोक भरायचे. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, पाणचक्कीला लांबून खापरी नळानं पाणी आणून त्याच्या जोरावर दळणाचं जातं फिरवायचे. हे सगळे मोठे लोक होते, त्यांचं कौतुक करायला मी लिहीत नाही, त्यांनी वेठबिगारीनं पण कामं करून घेतली असतील. पण जिथं राहायचं तिथलं पाणी, तिथला उतार, तिथली माती बघून घर बांधायचं एवढी साधी अक्कल त्यात होती.

कचऱ्याचं पण तसंच. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातलं, म्हणजे त्यांच्या राज्यकारभारावरच्या ग्रंथातलं, झाडं तोडू नका तेवढंच सगळे सांगतात, भाषणात हमखास येतं. त्यातच गडावरच्या केराबद्दल पण लिहिलंय, की केर गडाखाली लोटू नये, जागच्या जागी जाळून त्याची राख परसात घालावी आणि त्यावर घरोघरी भाजीपाला करावा. आता पाचोळा जाळू नये, खड्डा करून कुजवला तर खत होतं, एवढी दुरुस्ती तीनशे वर्षांनी आपण करू शकतो. पण आमच्याकडं काय होतं, हिरव्या डब्यातला आणि निळ्या डब्यातला कचरा संध्याकाळी एकाच ट्रॉलीत ओततात आणि ती ट्रॉली ओढ्याच्या काठाला रिकामी होते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी जाऊन बघा, थर्माकोलच्या वाट्या, अर्ध्या प्यालेल्या पाण्याच्या बाटल्या. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या ठरावीक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, राज्यात तर २०१८ पासूनच. बंदी आहे ती वाड्याच्या गेटवर पण लिहिलीय, गेटवरचा कागद प्लास्टिकच्या लॅमिनेशनमध्ये आहे.

आता माझ्या फोकसवर येतो. २४ फोकस, प्रत्येकी १०० वॅट, संध्याकाळी ७ ते सकाळी ६ चालू. २.४ किलोवॅट गुणिले ११ तास, रोजचे २६.४ युनिट. नगारखान्यावरचं ५ किलोवॅटचं सोलर दिवसाला सरासरी २० युनिटच्या आसपास देतं. म्हणजे पॅनल दिवसभर उन्हात बसून जे कमावतात ते सगळं रात्री भिंतीवर सांडतं आणि वर सहा युनिट उधार. रात्री अकरानंतर आमच्या गावात कुत्रं जागं नसतं, कोणासाठी हे? १० ला बंद होईल असा टायमर बसवला तर ७ युनिटमध्ये काम होतं, टायमर हजार-दीड हजारात येतो, मी फुकट बसवून देतो म्हटलं, उत्तर आलं की हायवेवरून वाडा दिसला पाहिजे. फोकस लावले त्या तटाच्या भोकात गव्हाणी घुबडाचं जोडपं होतं, मी शिडीवर चढलो की पांढरं बदामी तोंड हलवत फुस्स करायचं. दुसऱ्या वर्षी गेलं ते. त्याचा आणि उंदरांचा काही संबंध आहे का मी सांगू शकत नाही, पण त्यानंतर माझ्या वायरी कुरतडल्याच्या तक्रारी वाढल्यात एवढं खरं. नगारखान्याच्या नक्षीदार लाकडी कठड्याच्या बरोबर डोक्यावर ते पॅनल चमकतात ते वेगळंच. पार्किंगला पत्र्याची शेड आहे, तिच्यावर छान बसले असते, ऊन पण जास्त मिळालं असतं.

एक उलटं पण सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा झाडंवेडा आहे. वाड्याच्या बुरुजात पिंपळ उगवलाय, मनगटाएवढा झालाय, मूळ चिऱ्यात पाचरीसारखं घुसलंय. ट्रस्टनं चिकू, चाफा काढले पण पिंपळाला हात लावायला कोणी तयार नाही, मुंजा असतो म्हणतात, आणि शिवाय झाड तोडलं तर पर्यावरणवाले बोंबलतील. ते झाड काढायला पाहिजे. लहान होतं तेव्हा हातानं उपटून दुसरीकडं लावता आलं असतं, आता जाणकाराला बोलावून मुळं मारून सांधे चुन्यानं भरायला लागतील, नुसतं वरून छाटलं तर आणखी जोरात फुटतं. वाड्यात हिरवं दिसलं की ते चांगलंच असं नसतं, लॉन पण हिरवंच आहे.

ट्रस्टची बाजू पण आहे, नाही म्हणत नाही. कौलं फिरवायचीच म्हटलं तर लाखांत खर्च, तिकिटाला माणसं २०-३० रुपये द्यायला कुरकुरतात, लग्नाच्या भाड्यावरच सगळं चालतं. सरकारी संरक्षित स्मारक असतं तर निदान नियम तरी असते, केंद्राच्या स्मारकाभोवती १०० मीटरमध्ये बांधकामाला बंदी आणि त्यापुढं २०० मीटर परवानगी लागते, राज्याचा १९६० चा वेगळा कायदा आहे. पण आमच्यासारखे शेकडो वाडे कुठल्याच यादीत नाहीत, मालक किंवा ट्रस्ट म्हणेल ती पूर्व दिशा. मदत मागायला गेलं तर घरावरच्या सोलरला तरी सबसिडी मिळते, एलईडीच्या पण स्कीम येऊन गेल्या, चुन्याच्या गिलाव्याला आणि आड उपसायला कोण देणार? देणगीदाराला पण पाटी लावायला काहीतरी दिसणारं लागतं. चौकातलं भोक उघडलं याची पाटी कुठं लावणार.

तरी पण जेवढं बिनखर्चाचं आहे तेवढं तरी करा असं मी ट्रस्टला लेखी दिलंय. चौकातलं काँक्रीट फोडून जाळी बसवा. आडावरचा स्लॅब काढून कठडा आणि जाळी करा, गाळ काढायला आम्ही आळीतली पोरं येतो. भिंतीला लागून तीन-चार फूट पट्ट्यातले पेव्हर ब्लॉक उचला, तिथं मुरूम टाका. गाड्या बाहेर लावा, माणसं दोनशे पावलं चालली तर मरत नाहीत. लग्नं करा पण डीजे बंद, जेवणाचे टेबल पार्किंगच्या बाजूला, बाटलीला गेटवर डिपॉझिट, काही गडांवर गावातली पोरं बाटल्या मोजून असे पैसे घेतात आणि परत देतात, आपल्याला जमायला काय हरकत आहे. मागच्या भिंतीचं सिमेंट एकदम काढू नका, आतला भुगा सगळा सोबत येईल, चुन्याचं काम कळणारा माणूस आणा, काका आहेत तोवर त्यांना खुर्ची टाकून बसवा आणि दोन पोरं त्यांच्या हाताखाली द्या. आणि फोकसचा टायमर. उत्तर आलेलं नाही अजून, बिल पण आलेलं नाही.

मागच्या पावसात एक केलं मी, परवानगी न घेता. मागच्या भिंतीपासून तिसरा ब्लॉक आधीच सैल होता, तो उचलला, खालचं काँक्रीट तिथं फुटलेलंच होतं ते छिन्नीनं काढलं, आत मुरूम लागला. बादलीभर पाणी ओतलं, मोबाइलवर बघितलं, ४० सेकंदात गायब. शेजारच्या ब्लॉकवर तेवढंच ओतलं, ते अर्ध्या तासानं पण भिंतीच्या पायाशी डबकं करून बसलेलं. वॉचमननं ओरडून ब्लॉक परत बसवायला लावला. सैलच बसवलाय.

तर साहेब विनंती अशी की जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की तुमचा एखादा फोटोग्राफर पाठवा. पत्ता मी पत्रासोबत वेगळा दिलाय, छापू नका. 'हरित वारसा'च्या फलकाचा फोटो त्यांना ट्रस्टवालेच काढायला लावतील, तो काढून होऊ दे, मग मागच्या बाजूला या म्हणावं, भिंतीपासून तिसरा ब्लॉक. बादली मी आणतो.

आपला,
एक वायरमन, सातारा जिल्हा
(नाव पत्ता तुमच्याकडेच ठेवा)